मृगशीर्षाभोवतीचे वलय आणि एका प्रकल्पाचा निष्कर्ष : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

खानदेशातील एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्र विभागात काही वर्षांपूर्वी झालेल्या एका प्रकल्पाची ही नोंद आहे. प्रकल्प एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा होता, विद्यार्थिनी यावल तालुक्यातील केळी पिकवणाऱ्या घरातील होती आणि मार्गदर्शक मी होतो. तिची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही. चुकांपैकी निम्म्याहून अधिक माझ्या होत्या, आणि त्या मात्र जशा घडल्या तशाच लिहिल्या आहेत.

विषय तिनेच निवडला. आमच्याकडे ‘मृग’ हा शब्द आकाशाच्या आधी शेताशी जोडलेला असतो. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात गेला की मृग लागला असे म्हणतात, आणि कपाशीच्या लागवडीचे, पेरणीचे सारे बोलणे त्या दिवसापासून मोजले जाते. मात्र ज्या दिवसांत मृगाचे नाव घराघरांत घेतले जाते, नेमक्या त्याच दिवसांत हे तारे सूर्याच्या प्रभेत बुडालेले असल्यामुळे दिसत नाहीत. त्या विद्यार्थिनीने मृग नीट पाहिला तो जानेवारीत, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे जळगाव-भुसावळच्या दिव्यांचा उजेड पोहोचत नाही. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि वरच्या बाजूला तीन मंद ताऱ्यांचे लहानसे डोके, म्हणजेच मृगशीर्ष. त्या डोक्यातील सर्वांत ठळक ताऱ्याचे शास्त्रीय नाव लॅम्डा ओरायनिस. नुसत्या डोळ्यांना तो साधारण तारा वाटतो. प्रत्यक्षात तो ‘ओ’ वर्गाचा, म्हणजे सर्वांत तप्त व तेजस्वी ताऱ्यांच्या वर्गातला, सुमारे ३० सूर्यांच्या वस्तुमानाचा तारा आहे आणि आपल्यापासून सुमारे ४०० पार्सेक, म्हणजे १३०० प्रकाशवर्षे दूर आहे.

त्याच्याभोवती धूळ आणि वायूचे एक प्रचंड वलय आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. १९८३ मध्ये सोडलेल्या ‘आयरास’ या अवरक्त दुर्बिणीच्या नकाशांत ते जवळजवळ पूर्ण वर्तुळासारखे उमटले. आकाशात त्याचा व्यास सुमारे ९ ते १० अंश भरतो, म्हणजे अठरा-वीस पूर्णचंद्र ओळीने ठेवले तर जेवढी लांबी होईल तेवढा. वलयाच्या आत तप्त, आयनीभूत (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला) हायड्रोजन आहे, मध्यभागी सुमारे ५० लाख वर्षे वयाचा तारकागुच्छ आहे, आणि ‘बर्नार्ड ३०’ व ‘बर्नार्ड ३५’ या दोन काळ्या मेघांत अजूनही तारे जन्मत आहेत. मध्यभाग रिकामा, मध्यभागाचे तारे जुने आणि बाहेरच्या मेघांतले तारे तरुण, असे हे चित्र आहे. ते पाहिल्यावर जी गोष्ट मनात आपोआप तयार होते, तिच्याभोवतीच हे सगळे प्रकरण फिरते.

विभागाकडे मोठी दुर्बीण नव्हती आणि तिची गरजही नव्हती. ‘गाया’ उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची अंतरे व गती, ‘वाइज’ दुर्बिणीची अवरक्त निरीक्षणे आणि ‘प्लँक’चे धुळीचे नकाशे कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. प्रयोगशाळेतले दोन संगणक आणि भारनियमनाच्या वेळा सांभाळून मिळणारे इंटरनेट एवढ्यावर प्रकल्प सुरू झाला.

विषयाची भौतिक बाजू

पुढील निर्णय समजण्यासाठी वजनदार तारे आपल्या भोवतालच्या वायूचे काय करतात हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

तारे ज्या रेण्वीय मेघांत, म्हणजे मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंच्या थंड, दाट ढगांत, जन्मतात त्यांचे तापमान साधारण १० ते २० केल्विन असते. अशा मेघात ‘ओ’ वर्गाचा तारा पेटला की त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा हायड्रोजन आयनीभूत होतो आणि त्याचे तापमान सुमारे १०,००० केल्विनवर जाते. तापमान शेकडो पटींनी वाढले की दाबही तसाच वाढतो. त्यामुळे तापलेला वायू फुगतो आणि पुढचा थंड वायू ढकलत, गोळा करत नेतो. त्याच वेळी ताऱ्याच्या पृष्ठभागावरून सेकंदाला १००० ते ३००० किलोमीटर वेगाचा तारकीय वारा वाहत असतो. आयुष्याच्या अखेरीस, तारा सूर्याच्या ८ पटींहून अधिक वस्तुमानाचा असेल तर, सामान्यतः सुपरनोव्हाचा स्फोट होतो आणि त्यात वायूच्या गतीच्या रूपाने सुमारे १०^४४ जूल ऊर्जा बाहेर पडते. सूर्य आपल्या सुमारे १००० कोटी वर्षांच्या संपूर्ण आयुष्यात प्रकाशरूपाने जेवढी ऊर्जा देईल, जवळजवळ तेवढी ही ऊर्जा आहे.

येथे क्रमाला महत्त्व आहे, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना आपण तो बहुधा गाळतो. सर्वांत वजनदार तारेसुद्धा जन्मानंतर ३० ते ४० लाख वर्षांनी फुटतात. ८ सूर्यांच्या वस्तुमानाच्या ताऱ्याला त्यासाठी ३ ते ४ कोटी वर्षे लागतात. म्हणजे स्फोट होण्याच्या कितीतरी आधीपासून किरणे आणि वारा यांनी आजूबाजूचा वायू पोखरलेला असतो. दाट मेघात झालेल्या स्फोटाची ऊर्जा वायू तापून चमकण्यात लवकर खर्च होते, पण आधीच रिकाम्या झालेल्या पोकळीत तोच स्फोट दूरवर पोहोचतो. एखाद्या वलयाकडे बोट दाखवून ‘हे सुपरनोव्हाने केले’ असे म्हणताना आधीच्या दोन कारागिरांचा वाटा वजा करावा लागतो.

या सगळ्याचा तारानिर्मितीवर होणारा परिणाम दुहेरी आहे. बहुतेक वायू तापतो, विरळ होतो, उधळला जातो, आणि तेथील तारानिर्मिती थांबते. आपल्या आकाशगंगेत रेण्वीय वायू सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका आहे. तो नुसत्या गुरुत्वाने कोसळू लागला तर वर्षाला शंभराहून अधिक सूर्यांएवढे तारे तयार व्हायला हवेत. प्रत्यक्षात वर्षाला साधारण दोन सूर्यांएवढेच होतात. ही कसर कशामुळे आहे याच्या उत्तरात वजनदार ताऱ्यांनी केलेली उलथापालथ हा मोठा भाग आहे. दुसरीकडे, ढकललेला वायू कडेला साचून पुरेसा दाट झाला तर तो स्वतःच्या वजनाने तुटून त्यातून नवे तारे जन्मू शकतात. ब्रूस एल्मेग्रीन आणि चार्ल्स लाडा यांनी ही कल्पना १९७७ मध्ये गणितासह मांडली. आधीपासूनच असलेला एखादा लहान मेघ बाहेरच्या किरणांच्या दाबाने दाबला जाऊन कोसळणे, हा आणखी एक मार्ग आहे. या दोन्हींना ‘प्रेरित तारानिर्मिती’ म्हणतात.

अडचण

फेब्रुवारीअखेर विद्यार्थिनीने पहिला मसुदा दिला. ‘वाइज’च्या निरीक्षणांतून अवरक्त प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त असलेले तारे तिने वेगळे काढले होते. असा जादा प्रकाश बहुधा ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीतून येतो आणि तबकडी असणे हे तारुण्याचे लक्षण आहे. हे तारे नकाशावर मांडल्यावर मध्यभाग सोडून भोवती ठिपक्यांचे एक तुटक कडे दिसत होते. वलयाच्या वयाचे गणितही तिने केले होते. निष्कर्ष असा होता, की सुमारे १० लाख वर्षांपूर्वी मध्यभागी एका ताऱ्याचा स्फोट झाला, त्याच्या आघाततरंगाने वायू कडेला लोटला आणि त्या कडेवर हे नवे तारे जन्मले.

मी तो मसुदा जवळजवळ जसाच्या तसा मान्य केला. १० लाख वर्षांपूर्वी येथे सुपरनोव्हा झाला असावा हे मत शोधनिबंधांतून खरोखरच मांडले गेलेले आहे. मध्यभागातील तारानिर्मिती एकाएकी थांबल्यासारखी दिसते, हा त्यामागचा मुख्य आधार आहे. विद्यार्थिनीचे चित्र त्या मताशी जुळत होते आणि जुळणारे चित्र पाहून मला समाधान वाटले. विद्यापीठस्तरीय संशोधन स्पर्धा तीन आठवड्यांवर होती, भित्तिपत्रकाचे शीर्षक ‘मृगशीर्षातील सुपरनोव्हाने घडवलेले तारे’ असे ठरले होते.

विभागातल्या पूर्वतयारीच्या सादरीकरणात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, ज्यांचा विषय खगोलशास्त्र नव्हता, एकच प्रश्न विचारला : “तो स्फोट झाला नसता तर हे तारे जन्मले नसते, हे तुम्हाला कशावरून कळले?” विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाचे वजन त्या संध्याकाळी मला हळूहळू कळत गेले. तारे दाट वायूत जन्मतात. वजनदार ताऱ्याने मध्यभागाचा वायू हटवला तर उरलेला दाट वायू साहजिकच बाहेरच्या बाजूला असणार, आणि तरुण तारेही तिथेच दिसणार. मग त्यांना कोणी प्रेरित केलेले असो वा नसो. वावर नांगरून झाल्यावर हिरवे गवत फक्त बांधावर दिसते, म्हणून ते नांगराने पेरले असे आपण म्हणत नाही. ‘कडेला तरुण तारे आहेत’ हे निरीक्षण दोन्ही कथांत सारखेच बसते, त्यामुळे दोहोंपैकी एकीचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही. संगणकीय प्रतिरूपांत तर हे थेट तपासून पाहता येते, कारण तिथे तोच मेघ वजनदार ताऱ्यांसह आणि त्यांच्याविना असा दोनदा चालवता येतो. तशा तुलनांतूनही हेच निघाले आहे, की आयनीभूत सीमेजवळ तारा दिसला एवढ्यावरून तो प्रेरित आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. आकाशातला मेघ आपल्याला दुसऱ्यांदा चालवता येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, निष्कर्ष आहे तसा ठेवून ‘असावा’, ‘शक्यता आहे’ असे शब्द पेरण्याचा होता. तो सोपा होता आणि वेळेत बसणारा होता. मी त्याकडे काही तास झुकलो होतो हे लपवण्यात अर्थ नाही. पण शीर्षक तेच, चित्र तेच आणि फक्त क्रियापद मऊ केले, तर वाचणारा जे समजायचे तेच समजतो.

दुसरा पर्याय प्रेरित तारानिर्मितीचा मुद्दाच काढून टाकून केवळ तरुण ताऱ्यांची यादी सादर करण्याचा होता. तो निर्दोष होता, पण त्यात विद्यार्थिनीने स्वतः विचारलेला प्रश्न नाहीसा होत होता.

तिसरा पर्याय तिनेच सुचवला. सूर्याच्या भोवतीच्या ‘स्थानिक बुडबुड्या’बद्दल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तिने वाचला होता. सुमारे १००० प्रकाशवर्षे रुंदीच्या या पोकळीच्या कवचावरच आपल्या शेजारची जवळजवळ सगळी तारानिर्मितीक्षेत्रे आहेत, आणि पोकळीची सुरुवात सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी होऊन त्यासाठी सुमारे १५ सुपरनोव्हा लागले असावेत, असे त्यात दाखवले आहे. तिथे हे घडले असेल तर मृगशीर्षात का नाही, असा तिचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद मला मान्य झाला नाही, पण त्यावर झालेली चर्चा फार उपयोगी ठरली. त्या अभ्यासात मेघांच्या त्रिमितीय जागा होत्या, तरुण गुच्छांच्या गती होत्या, आणि काळात मागे जाऊन प्रत्येक गुच्छ जन्मला तेव्हा कवच कुठे होते हे पडताळलेले होते. शिवाय आपल्या शेजारी अलीकडच्या काळात स्फोट झाल्याची स्वतंत्र साक्ष समुद्रतळाच्या थरांत सापडलेल्या लोह-६० या किरणोत्सारी समस्थानिकाने दिलेली आहे. एका ठिकाणचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी उसना नेता येत नाही. पण पुरावा कसा असावा लागतो हे त्यावरून शिकता येते.

यातूनच चौथा पर्याय निघाला : ‘प्रेरित’ ही कथा आणि ‘आधीचेच उरलेले’ ही कथा, या दोन्ही कथा समोरासमोर ठेवायच्या, ज्या ठिकाणी दोघींची भाकिते वेगळी पडतात ती ठिकाणे शोधायची आणि उपलब्ध निरीक्षणांनी तेवढेच तपासायचे. स्पर्धेपर्यंत हे पूर्ण होणार नाही हे उघड होते. विद्यार्थिनीने हाच मार्ग निवडला. निर्णय तिच्यावर सोडला होता, कारण नुकसान झाले तर ते तिचे होणार होते.

केलेली कृती

सर्वप्रथम यादी तपासली. अवरक्त प्रकाश जास्त असणारी प्रत्येक वस्तू तरुण तारा नसते. दूरच्या दीर्घिका आणि आयुष्याच्या अखेरीस धूळ सोडणारे म्हातारे तारेही तसेच दिसतात. वलयाच्या बाहेर, आकाशगंगेच्या प्रतलापासून तेवढ्याच अंतरावरचा तेवढाच मोठा तुकडा घेऊन तिथेही हीच पद्धत लावली. वलयाचे क्षेत्र प्रतलापासून सुमारे १२ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे तुलनेचा तुकडाही तसाच निवडला. जिथे तरुण तारे असण्याचे काही कारण नव्हते त्या तुकड्यातही ‘तरुण तारे’ सापडले. ही तुलना पहिल्याच महिन्यात करायला हवी होती.

त्यानंतर ‘गाया’ची मोजमापे वापरली. पराशयावरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा जितकी किंचित बदललेली दिसते त्यावरून, अंतर मिळते आणि निजगतीवरून तारा आकाशात कोणत्या दिशेने सरकत आहे ते कळते. सुमारे ४०० पार्सेकवर नसलेल्या आणि समूहाबरोबर न सरकणाऱ्या वस्तू वगळल्या. येथे एक अडचण उभी राहिली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातला हा सर्वांत नाजूक टप्पा होता. ‘गाया’ दृश्य प्रकाशात पाहत असे. दाट धुळीत दडलेले, अगदी नुकते जन्मलेले तारे त्याला दिसतच नसत. म्हणजे या चाळणीने भेसळ जाते, पण ज्यांच्यावर सारा प्रश्न आधारलेला आहे ते सर्वांत तरुण तारेही जातात. म्हणून दोन याद्या वेगळ्या ठेवल्या : ‘गाया’ने पडताळलेली आणि केवळ अवरक्त निरीक्षणांवर आधारलेली. दुसऱ्या यादीवरून कोणताही आकडा काढायचा नाही, फक्त ते तारे दाट धुळीवरच बसतात का एवढेच पाहायचे, असे ठरवले.

चाळणीनंतर ठिपक्यांचे कडे उरले नाही. मध्यभागाचा गुच्छ उरला आणि दोन झुबके उरले, वायव्येकडे ‘बर्नार्ड ३०’ आणि पूर्वेकडे ‘बर्नार्ड ३५’. धुळीच्या नकाशावर मांडून पाहिले तेव्हा हे दोन्ही मेघ मध्यापासून जेमतेम ३ अंशांच्या आत असल्याचे लक्षात आले, तर धुळीचे वलय साडेचार-पाच अंशांवर आहे. आम्ही ज्याला ‘कड’ म्हणत होतो तिथे हे तारे नव्हतेच; ते वलयाच्या आतल्या बाजूला होते. ढकलून साचलेल्या वायूतून ते जन्मले असते तर ते साचलेल्या वायूबरोबर असायला हवे होते. उलट, मूळचा मेघ ‘बर्नार्ड ३०’पासून मध्यभागातून ‘बर्नार्ड ३५’पर्यंत लांबट पसरलेला होता, मध्यभागी वजनदार तारे जन्मले, त्यांनी मधला भाग उडवला आणि दोन टोके उरली, ही शोधनिबंधांत आधीपासून असलेली मांडणी आमच्या नकाशाशी अधिक जुळत होती.

दुसरी तपासणी वयाची होती. हे वलय सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर वेगाने प्रसरण पावत आहे, असे १९८७ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या निरीक्षणांवरून दाखवण्यात आले. सेकंदाला १ किलोमीटर वेगाने १० लाख वर्षांत साधारण १ पार्सेक अंतर कापले जाते. वलयाची त्रिज्या ३० ते ३५ पार्सेक धरली आणि वेग कायम राहिला असे मानले तर वय २० ते २५ लाख वर्षे येते. पण कवच वायू गोळा करत जाते तसे मंदावते, म्हणून खरे वय याहून कमी असणार; किती कमी, हे त्याला कोण ढकलत आहे यावर ठरते. स्फोटानंतरच्या थंडावलेल्या कवचासाठी वरच्या आकड्याला सुमारे दोन-सप्तमांशाने गुणावे लागते, आणि वय ६ ते ७ लाख वर्षे येते. सतत वाहणाऱ्या वाऱ्याने फुगवलेल्या बुडबुड्यासाठी तीन-पंचमांशाने गुणावे लागते, आणि तेच वय १२ ते १५ लाख वर्षे होते. विद्यार्थिनीने आधी स्फोटाचे सूत्र वापरले होते, ७ लाख हे उत्तर १० लाखांच्या ‘जवळ’ आहे असे म्हटले होते आणि त्यावरून स्फोट सिद्ध झाल्याचे मानले होते. वाऱ्याच्या सूत्राचे उत्तरही १० लाखांपासून तेवढेच जवळ होते. सूत्र निवडतानाच स्फोट गृहीत धरला होता. शेवटी तोच हाती आला.

दुसरे घड्याळ याहून वेगळे बोलत होते. ‘गाया’च्या मोजमापांवर आधारित २०१८ च्या एका अभ्यासात या समूहाचे तारे मध्यापासून बाहेरच्या दिशेने पसरत असल्याचे दिसले, आणि त्यांच्या मार्गांचा मागे माग काढला तर ते सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी एकमेकांच्या जवळ असल्याचे निघते. वायूचे घड्याळ १० लाखांच्या आसपास आणि ताऱ्यांचे घड्याळ ५० लाखांच्या आसपास, हा फरक मोजमापाच्या चुकीत बसणारा नाही. वायू आणि तारे वेगवेगळ्या घटनांची आठवण सांगत असतील, किंवा वायूचे गणित अपुरे असेल. यात आम्ही निवाडा केला नाही, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले.

राहिला स्फोटाचा थेट पुरावा. सुपरनोव्हाचे चमकते अवशेष साधारण लाखभर वर्षांत विरून जातात, त्यामुळे १० लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाचे अवशेष न दिसणे हा त्याच्या विरोधातला पुरावा होत नाही. गेमिंगा हा पल्सार, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा वेगाने फिरणारा उरलेला गाभा, येथूनच निघाला असावा असेही एकेकाळी सुचवले गेले होते, आणि विद्यार्थिनीच्या मसुद्यात तो होता. पण फिरण्याचा वेग मंदावण्यावरून काढलेले गेमिंगाचे वय सुमारे ३ लाख ४० हजार वर्षे आहे. १० लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी त्याचा मेळ बसत नाही. तो परिच्छेद काढून टाकला. एक निष्कर्ष मात्र ठेवला : गुच्छाचे वय ५० लाख वर्षे असेल, सगळे तारे साधारण एकाच वेळी जन्मले असतील आणि स्फोट खरोखर झाला असेल, तर फुटलेला तारा आजच्या लॅम्डा ओरायनिसपेक्षा वजनदार असला पाहिजे, कारण वजन जितके अधिक तितके आयुष्य कमी.

निष्पत्ती

स्पर्धेत भित्तिपत्रक ‘मृगशीर्षाभोवतीचे तरुण तारे : प्रेरित की उरलेले?’ या शीर्षकाने लावले. तेव्हा वयाची तपासणी अर्धवट होती आणि नकाशाची झाली होती. एका परीक्षकांनी निष्कर्ष स्पष्ट नाही असा शेरा दिला आणि बक्षीस मिळाले नाही. विद्यार्थिनीला त्याचे वाईट वाटले, मलाही वाटले. आधीचे शीर्षक ठेवले असते तर शेरा वेगळा आला असता, असे आम्हा दोघांनाही मनातून वाटत होते.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी सुमारे पाऊण तास केवळ ‘दोन याद्या का?’ या प्रश्नावर घालवला. तिने ‘गाया’च्या चाळणीची मर्यादा स्वतःहून फळ्यावर आकृती काढून समजावून दिली. अंतिम निष्कर्षात तीन विधाने होती. मध्यभागाचा वायू वजनदार ताऱ्यांनी हटवला आणि तेथील तारानिर्मिती थांबवली, हे निरीक्षणांवरून भक्कमपणे म्हणता येते. ‘बर्नार्ड ३५’ हा धूमकेतूच्या आकाराचा मेघ आपले टोक लॅम्डा ओरायनिसकडे करून आहे आणि त्याची ती बाजू उजळलेली आहे, म्हणून किरणांनी तो दाबला जात आहे हेही म्हणता येते. पण त्यातले तारे त्या दाबामुळेच जन्मले की दाब येण्याआधीच जन्मू लागले होते, हे या निरीक्षणांवरून ठरत नाही. आणि वलय सुपरनोव्हाने बनवले हे मत शक्य आहे, मात्र आमच्या प्रकल्पाने त्याला बळ दिलेले नाही.

वेगळे काय करता आले असते

तुलनेचा तुकडा आधी न घेणे ही पद्धतीतली चूक होती आणि ती सुधारणे सोपे आहे. त्याहून मोठी चूक मी मसुदा वाचताना केली. चित्र प्रसिद्ध मताशी जुळते की नाही हे मी पाहिले. ते त्या मताच्या विरुद्ध जाऊ शकले असते का, हे पाहिले नाही. आमच्या पहिल्या नकाशात कसलेही तुटक कडे दिसले असते तरी मी त्याला वलयच म्हटले असते.

स्पर्धेची तारीख प्रकल्पाच्या आखणीत शिरू देणे हेही टाळता आले असते. भित्तिपत्रक केवळ निरीक्षणांचे आणि पद्धतीचे ठेवून निष्कर्ष प्रबंधासाठी राखून ठेवता आला असता. परीक्षकांचा ‘अस्पष्ट’ हा शेरा तसा अन्यायाचा नव्हता, कारण आम्ही त्यांच्यासमोर अर्धा झालेला तपास मांडला होता.

एका निर्णयाबद्दल माझे मत अजून डळमळते. केवळ अवरक्त यादीवरून आकडे काढायचे नाहीत असे आम्ही ठरवले, ते सावधपणाचे होते. पण त्यामुळे ‘बर्नार्ड ३५’च्या उजळ टोकापासून शेपटीकडे जाताना ताऱ्यांचे वय कसे बदलते, हा दोन कथांना वेगळे करणारा सर्वांत नेमका प्रश्न आम्ही विचारलाच नाही. प्रेरित तारानिर्मिती झाली असेल तर टोकाकडचे तारे थोडे आधीचे आणि मेघाच्या आतले नंतरचे असायला हवेत. आधीपासूनच जन्म चालू असेल तर असा उतार असण्याचे कारण नाही. त्यासाठी ताऱ्यांचे वर्णपट लागतात, आणि काही ताऱ्यांचे वर्णपट सार्वजनिक सर्वेक्षणांत उपलब्ध आहेत. ते पुरेसे आहेत का हे तपासायलाच दोन आठवडे लागले असते, आणि ते दोन आठवडे आम्ही शीर्षक आणि रंगसंगतीवर घालवले होते.

विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर हाच प्रश्न लिहिलेला आहे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने तो घेतला; त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, नकाशा काढण्याआधी, दोन रकाने आखलेले होते, ‘प्रेरित असेल तर काय दिसेल’ आणि ‘नसेल तर काय दिसेल’.